अमेरिकेत मतदार ओळखपत्रावरून एवढं रान का पेटतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: भारतात मत द्यायला जाताना ओळखपत्र दाखवायचं, यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. मग अमेरिकेत ओळखपत्राची अट घातली की डेमोक्रॅट ‘गरिबांचं मत हिरावलं’ म्हणून आणि अट सैल केली की रिपब्लिकन ‘बोगस मतदान होतंय’ म्हणून का ओरडतात? यातलं खरं कोण बोलतंय? विचारणाऱ्यांच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर म्हणे डॅलसचे काका आणि एडिसनची मावसबहीण यावरून एकमेकांशी बोलेनासे झालेत.

मी न्यू जर्सीत राहतो. इथला नागरिक झाल्यापासून निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्रावर टेबलामागे बसण्याचं काम करत आलोय, आणि एरवी आपल्या मंडळींना मतदार नोंदणीचे नि नागरिकत्वाचे फॉर्म भरायला मदत करतो. त्या अनुभवावर सांगतो: दोघंही अर्धं बरोबर बोलतात, पण भांडण भलत्याच जागी चाललंय. केंद्रावर दाखवायचं ओळखपत्र ज्या एका प्रकारची फसवणूक पकडतं, ती फसवणूक जवळजवळ होतच नाही. जी होते ती टपालाने येणाऱ्या मतांत होते, आणि तिथे केंद्रावरच्या ओळखपत्राचा काडीचा उपयोग नाही. दुसरीकडे, अशा कायद्यांनी लाखोंचं मतदान बुडतं हा दावाही आकड्यांत तितकासा टिकत नाही. खरी मेख कायद्यातल्या यादीत असते. कोणती कागदपत्रं चालतात, कोणती चालत नाहीत, आणि ती मिळवायला कुणाला किती हेलपाटे घालावे लागतात, हे बघायचं.

आधी भारताशी तुलना, कारण ती दर वेळी निघते आणि दर वेळी अर्धवट निघते. भारतात मतदार यादी तयार करणं हे सरकारचं काम आहे. बीएलओ, म्हणजे त्या भागाची मतदार यादी सांभाळणारे, बहुतेकदा शाळेतल्या बाई किंवा अंगणवाडी सेविका, दारावर येतात. आयोग एक, नियम देशभर एकच. १९९३ मध्ये मुख्य निवडणूक आयुक्त शेषन यांनी ओळखपत्राचा आग्रह धरला तेव्हा फोटो काढून कार्ड हातात देण्याचं कामही सरकारच्याच गळ्यात पडलं. आजही ते कार्ड सापडलं नाही तर आधार, पासपोर्ट, पॅन, फोटो असलेलं बँकेचं पासबुक, मनरेगाचं जॉब कार्ड, यातलं काहीही चालतं. अट घालणारा आणि ती पुरी करून देणारा एकच आहे.

अमेरिकेत यातलं काही नाही. राष्ट्रीय ओळखपत्र नाही, आणि ते नकोच म्हणणारे दोन्ही पक्षांत आहेत. देशाची एक मतदार यादी नाही. निवडणुका राज्यं घेतात आणि प्रत्यक्षात काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे भाग) नि गावं चालवतात. अशी सुमारे दहा हजार कार्यालयं आहेत. नाव नोंदवणं तुमचं काम, घर बदललं की पत्ता बदलून घेणंही तुमचंच. बहुतेकांचं ओळखपत्र म्हणजे ड्रायव्हिंग लायसन्स. त्यामुळे जो गाडी चालवत नाही, म्हणजे वय झालेली माणसं, मोठ्या शहरातले गरीब, दृष्टिहीन, त्याच्याकडे ते असायचं काही कारण नाही. आज ३६ च्या आसपास राज्यं केंद्रावर काही ना काही ओळखपत्र मागतात, पण त्यातही तऱ्हा आहेत. काही ठिकाणी विजेचं बिलही चालतं. काही ठिकाणी फोटोच हवा, आणि तो नसेल तर तुमचं मत वेगळ्या पाकिटात, म्हणजे प्रोव्हिजनल मतपत्रिकेवर घेतात. मग पुढच्या काही दिवसांत तुम्ही काउंटी कार्यालयात ओळखपत्र घेऊन गेलात तरच ते मोजलं जातं. ‘कडक कायदा’ म्हणतात तो हा.

न्यू जर्सी सहीवर चालतं. आमच्या टेबलावर दोन्ही पक्षांची माणसं समसमान बसवतात, कायदाच तसा आहे. सकाळी सहाला केंद्र उघडतं. मतदार येतो, नाव-पत्ता सांगतो, आम्ही टॅबलेटवर नाव काढतो, तो पडद्यावर सही करतो आणि ती नोंदणीच्या वेळच्या सहीशी ताडून बघतो. नोंदणी करतानाच त्याने लायसन्सचा नंबर किंवा सोशल सिक्युरिटी या सरकारी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे दिलेले असतात. २००२ च्या केंद्रीय कायद्याने ते देशभर सक्तीचं केलंय. तो नंबर जुळला नव्हता तर पहिल्या मतदानाला त्याला ओळखपत्र दाखवावं लागतं. म्हणजे ‘अमेरिकेत कुणीही यावं आणि मत देऊन जावं’ हे काकांचं म्हणणं खरं नाही. ओळख पटवली जाते, फक्त ती बऱ्याच आधी, दुसऱ्या टेबलावर पटवली जाते.

आता तोतया मतदाराच्या बाजूने विचार करून बघा. त्याला अशा माणसाचं नाव आणि पत्ता ठाऊक हवा जो यादीत आहे, ज्याने अजून मत दिलेलं नाही आणि जो दिवसभरात येणारही नाही. सही जमली पाहिजे. टेबलावर बसलेल्यांपैकी कुणी त्या माणसाला ओळखत नसावं, आणि इथे टेबलावर बहुधा त्याच वस्तीतले निवृत्त लोक बसतात, ते सगळ्यांना ओळखतात. एवढं करून हाती काय, तर एक मत. पकडला गेला तर तुरुंग. पाचशे मतांनी निकाल फिरवायचा तर हे पाचशे वेळा करायचं, आणि खरा मतदार संध्याकाळी येऊन ‘माझ्या नावावर कोण मत देऊन गेलं?’ असं विचारणार नाही अशी आशा धरायची. भारतात अशा वेळी टेंडर व्होट देता येतं, इथे प्रोव्हिजनल. असे प्रकार वाढले असते तर त्या पाकिटांचा ढीग दिसला असता. तो दिसत नाही.

जस्टिन लेव्हिट या कायद्याच्या प्राध्यापकांनी २००० ते २०१४ मधल्या निवडणुका चाळल्या. शंभर कोटींहून जास्त मतांमध्ये दखल घेण्यासारखी तोतयेगिरीची प्रकरणं त्यांना ३१ सापडली. उजव्या विचारांच्या हेरिटेज फाउंडेशनचा स्वतःचा संग्रह आहे. त्यात कित्येक वर्षांची, देशभरातली, सगळ्या प्रकारची प्रकरणं मिळून दीड हजारच्या वर भरतात, आणि तोतये त्यात थोडेच. इंडियानाचा २००५ चा कडक फोटो-ओळखपत्राचा कायदा २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ असा कायम ठेवला, तेव्हा मुख्य निकालपत्र लिहिणाऱ्या न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनीच नोंदवलं की इंडियानात कधी तोतया मतदार आल्याचा एकही पुरावा समोर आलेला नाही. उदाहरण म्हणून त्यांना १८६८ च्या न्यूयॉर्कपर्यंत मागे जावं लागलं. तरी कायदा टिकला, कारण लोकांचा निवडणुकीवरचा विश्वास जपणं हेही राज्याचं रास्त कारण आहे असं त्यांनी मानलं. तो मुद्दा अगदीच फोल नाही. पाचांपैकी चार अमेरिकनांना ओळखपत्र असावं असं वाटतं, आणि त्यात डेमोक्रॅटही भरपूर आहेत.

मग गडबड होते ती कुठे? तीन जागा सांगतो.

पहिली नॉर्थ कॅरोलायना, नोव्हेंबर २०१८. काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, नवव्या मतदारसंघात रिपब्लिकन मार्क हॅरिस ९०५ मतांनी पुढे होते. त्यातल्या ब्लेडन काउंटीचे आकडे बघून जाणकारांच्या भुवया उंचावल्या. तिथून टपाली मत देणाऱ्यांत रिपब्लिकन म्हणून नाव नोंदवलेले (नोंदणीत पक्षही लिहिता येतो) जेमतेम १९ टक्के, आणि टपाली मतांतली ६१ टक्के मतं हॅरिस यांना. चौकशीत बाहेर आलं ते असं: मॅक्रे डाउलेस नावाचा स्थानिक कार्यकर्ता पैसे देऊन माणसं नेमायचा. ती आधी घरोघर जाऊन टपाली मतपत्रिकेचे अर्ज भरून घ्यायची, मग पत्रिका आल्या की पुन्हा जाऊन त्या गोळा करायची. तिथल्या कायद्याने हे सरळ बेकायदा; मतपत्रिका मतदाराने स्वतः किंवा जवळच्या नातेवाइकानेच परत करायची असते. पाकिटावर साक्षीदारांच्या सह्या लागतात, त्या ही माणसं न बघता ठोकायची. काही पत्रिकांवर रिकामी राहिलेली खालच्या पदांची मतंही स्वतःच भरून टाकायची. साक्ष देताना त्यांच्यातल्याच एकीने बारकावे सांगितले: मतदाराने वापरली त्याच रंगाची शाई वापरायची, पाकिटं थोडी थोडी करून टाकायची, तिकीट उलटं चिकटवायचं नाही, म्हणजे कुणाच्या डोळ्यांत भरणार नाही. हॅरिस यांच्या सख्ख्या मुलाने, जो सरकारी वकील होता, आपण वडिलांना या माणसापासून सावध केलं होतं अशी साक्ष दिली. राज्याच्या निवडणूक मंडळाने एकमताने निवडणूक रद्द करून नव्याने घ्यायला लावली. हॅरिस यांच्यावर स्वतः कुठला गुन्हा दाखल झाला नाही, आणि २०२४ मध्ये ते दुसऱ्या मतदारसंघातून काँग्रेसवर निवडूनही गेले.

आता यातली गंमत बघा. त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर, नॉर्थ कॅरोलायनाच्या मतदारांपुढे राज्यघटनेत ओळखपत्राची अट घालायचा प्रस्ताव होता, आणि तो सुमारे ५५ टक्क्यांनी मंजूर झाला. त्याचा मजकूर होता तो केंद्रावर प्रत्यक्ष येऊन मत देणाऱ्यांपुरता! पुढच्या दाराला नवं कुलूप बसत होतं तेव्हा माल मागच्या दाराने चालला होता. पुढे कायदा करताना टपाली मतांनाही ओळखपत्राची प्रत लावायची अट घातली गेली, पण गोळा करणाऱ्याला ती प्रत मिळवणं अवघड नाही; मतदार स्वतःच भाबडेपणाने हातात देतो.

दुसरी जागा आमच्याच राज्यातली, पॅटरसन. मे २०२०, कोविडमुळे नगरपालिकेची निवडणूक पूर्ण टपालाने. न्यू जर्सीत दुसऱ्याची मतपत्रिका पोहोचवायला ‘बेअरर’ची सोय आहे. आजारी शेजाऱ्याची पत्रिका तुम्ही नेऊन देऊ शकता, पण साधारण तीनच, पाकिटावर स्वतःचं नाव लिहून, आणि उमेदवाराने तर अजिबात नाही. पॅटरसनला शेकड्यांनी पाकिटं एकाच टपालपेटीत सापडली, काही शेजारच्या हॅलेडन गावातल्या पेटीत. जवळजवळ १९ टक्के मतं बाद झाली, नगरसेवकांवर गुन्हे दाखल झाले आणि न्यायाधीशांनी एका वॉर्डाची निवडणूक पुन्हा घ्यायला लावली. ही बाद झालेली सगळी मतं मात्र चोरीची नव्हती. बरीचशी सही जुळत नाही म्हणून, किंवा बेअररने रकाना रिकामा ठेवला म्हणून गेली. हे वाक्य दोन्ही पक्षांचे प्रवक्ते गाळतात.

तिसरं कनेटिकटमधलं ब्रिजपोर्ट, २०२३. महापौरपदासाठी डेमोक्रॅट पक्षाची अंतर्गत निवडणूक, फरक २५१ मतांचा. भरलेल्या मतपत्रिका टाकायच्या पेटीवरच्या, म्हणजे ड्रॉप बॉक्सवरच्या, कॅमेऱ्यात एक बाई कागदांचे गठ्ठे आत टाकताना दिसली. न्यायाधीशांनी निवडणूक रद्द केली आणि जानेवारी २०२४ मध्ये ती पुन्हा झाली. नॉर्थ कॅरोलायनात रिपब्लिकनांसाठी काम करणारा होता, इथे डेमोक्रॅट. पद्धत तीच.

माजी अध्यक्ष कार्टर आणि रिपब्लिकन नेते जेम्स बेकर यांच्या आयोगाने २००५ मध्येच लिहून ठेवलं होतं की मतांच्या गैरव्यवहाराला सगळ्यात जास्त वाव टपाली मतांत आहे. त्याच आयोगाने फोटो ओळखपत्राचीही शिफारस केली होती, पण कार्ड फुकट द्या आणि ते देणाऱ्या गाड्या लोकांपर्यंत न्या, अशा अटीवर. रिपब्लिकनांनी शिफारस उचलली, अट सोडली. डेमोक्रॅटांनी टपाली मतांचा इशारा विसरून टाकला.

आता मावसबहिणीची बाजू. इंडियानाचा निकाल लागल्यावर आठ दिवसांनी तिथे प्राथमिक निवडणूक झाली. साउथ बेंडच्या एका मठातल्या ऐंशी-नव्वदीच्या डझनभर नन्स मत द्यायला खाली आल्या आणि फोटो ओळखपत्र नाही म्हणून परत गेल्या. त्यांना परत पाठवणारी टेबलावरची बाई त्याच मठातली सिस्टर होती. तिने त्यांना ओळखलं नाही असं कसं म्हणायचं? पण कायद्याला तिची ओळख चालत नव्हती, कार्ड हवं होतं. कार्ड तसं फुकट. पण त्यासाठी जन्माचा दाखला लागतो, तो फुकट नाही, आणि नव्वदीच्या बाईला तो दुसऱ्या राज्यातून मागवावा लागू शकतो. खालच्या न्यायालयात हा कायदा उचलून धरणारे न्यायाधीश रिचर्ड पोसनर यांनी पुढे २०१३ मध्ये आपला निकाल चुकला असं लिहिलं, आणि २०१४ ला विस्कॉन्सिनच्या अशाच कायद्यावर कडाडून विरोधी मत दिलं.

यादी कशी वाचायची ते टेक्सासवरून शिकावं. २०११ च्या तिथल्या कायद्याने पिस्तूल बाळगण्याचा परवाना चालायचा, सरकारी विद्यापीठाचं फोटो असलेलं विद्यार्थी ओळखपत्र चालायचं नाही. परवाने कुणाकडे जास्त आणि विद्यार्थी कुणाला मत देतात, हे समजायला राज्यशास्त्राची पदवी नको. अडीचशेवर काउंट्यांपैकी सत्तरहून जास्त ठिकाणी लायसन्सचं कार्यालयच नव्हतं. न्यायालयात निघालं की सुमारे सहा लाख नोंदणीकृत मतदारांकडे यादीतलं काहीच नाही. २०१६ मध्ये अपील न्यायालयाने कायद्याचा परिणाम भेदभावाचा आहे असं म्हटलं. मग २०१७ मध्ये, कार्ड का नाही याचं कारण लिहून सही करा आणि विजेचं बिल किंवा तसलाच कागद दाखवून मत द्या, अशी सोय झाली. नॉर्थ कॅरोलायनात तर २०१३ मध्ये विधिमंडळाने कोणत्या वंशाचे लोक मतदानाची कोणती सोय वापरतात याची आकडेवारी मागवली आणि मग कृष्णवर्णीय जास्त वापरतात त्या सोयी नि कागदपत्रं वगळली. अपील न्यायालयाने ‘जवळजवळ शस्त्रक्रियेच्या नेमकेपणाने’ असे शब्द त्यासाठी वापरले. पेनसिल्वेनियात २०१२ ला सभागृहातले रिपब्लिकन नेते माइक टर्झाय पक्षाच्या बैठकीत जाहीरपणे बोलून गेले की ओळखपत्राचा कायदा झाला, आता अध्यक्षपदाचे आपले उमेदवार रॉम्नी राज्य जिंकणार. रॉम्नी हरले आणि कायदाही पुढे कोर्टात पडला. असं कुणी स्वतःच्या तोंडाने सांगितलं की समोरच्याच्या हेतूवर शंका घेणाऱ्याला दोष देता येत नाही.

पण हेतू वाईट होता म्हणून परिणामही तेवढाच झाला असं धरून चालायचं नाही, आणि इथे डेमोक्रॅट घसरतात. कांतोनी आणि पोन्स या दोन अर्थतज्ज्ञांनी २००८ ते २०१८ मधली देशभरातल्या मतदारांची माहिती घेऊन २०२१ मध्ये अभ्यास छापला. कडक ओळखपत्र कायद्यांनी एकूण मतदान किंवा कुठल्याही वंशाचं मतदान लक्षात येण्याजोगं घटलेलं त्यांना दिसलं नाही. आणि गैरप्रकारही घटले नाहीत! म्हणजे एक बाजू ज्या भीतीने कायदा करते ती आणि दुसरी ज्या भीतीने विरोध करते ती, दोन्ही आकड्यांत दिसत नाहीत. त्याआधी मोठी घट दाखवणारा एक अभ्यास गाजला होता. इतरांनी तीच माहिती तपासली तेव्हा तो टिकला नाही. जॉर्जियाच्या मतदानाचे नियम कडक करणाऱ्या २०२१ च्या कायद्याला तेव्हाचे अध्यक्ष बायडन यांनी वर्णभेदाच्या काळाची उपमा दिली, बेसबॉल संघटनेने ऑल-स्टार सामना अटलांटातून डेन्व्हरला हलवला, आणि २०२२ ला जॉर्जियात निवडणुकीच्या दिवसाआधी करता येणाऱ्या मतदानाचा मध्यावधी निवडणुकांतला विक्रम झाला.

मला याचं कारण टेबलामागून दिसतं तेवढं सांगतो. ज्यांच्याकडे कार्ड नसतं त्यातले बरेच जण एरवीही क्वचित मत देतात. कायदा झाला की पक्ष आणि संस्था चवताळून उठतात, लोकांना गाडीत घालून कार्ड काढायला नेतात. आणि सरासरी शून्य आली तरी त्या नन्सना मत देता आलं नाही हे खरंच राहतं. गावातली शाळा समितीची जागा चार मतांनी जाते तेव्हा सरासरी कुणाच्या कामाची नसते.

२०२० ची अध्यक्षीय निवडणूक चोरली गेली या दाव्याबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यात आता वाद घालण्यासारखं फारसं उरलेलं नाही. साठाहून जास्त खटले पडले. जॉर्जियात सगळी मतं हाताने मोजली. मृतांच्या नावावर सुमारे पाच हजार मतं पडल्याचा दावा होता, सापडली चार. ॲरिझोनात रिपब्लिकन सिनेटने स्वतः नेमलेल्या कंपनीच्या फेरमोजणीत बायडन यांची ९९ मतं वाढली. असोसिएटेड प्रेसने चुरशीची सहा राज्यं तपासली, संशयास्पद मतं ४७५ च्या आतच भरली. बायडन यांची तिथली एकत्रित आघाडी तीन लाखांच्या वर होती.

आता जो भाग आपल्या लोकांना थेट लागतो तो. ‘परदेशी लोक मत देतात’ हा आरोप ज्यांच्यावर येतो त्यात ग्रीन कार्डवाले आणि नवे नागरिक, म्हणजे आपणच आहोत.

कॅन्ससने २०१३ पासून नोंदणीसाठी नागरिकत्वाचा कागद सक्तीचा केला. तो कायदा न्यायालयात गेला तेव्हा हिशेब असा निघाला: कागद नाही म्हणून ३१ हजारांवर अर्ज अडले, त्यातले जवळजवळ सगळे नागरिक, आणि जवळपास वीस वर्षांत यादीत शिरलेले परदेशी सापडले ३९. राज्यात निवडणुकांचं काम बघणारे मंत्री क्रिस कोबॅक यांचं म्हणणं होतं की हे हिमनगाचं टोक आहे. न्यायाधीश ज्युली रॉबिन्सन यांनी निकालात लिहिलं की हिमनग नाही, बर्फाची एक काडी आहे, आणि तीही बहुतेक गोंधळ नि कारकुनी चुकांतून बनलेली. कोबॅक स्वतः वकील. त्यांना सहा तासांचा जादा कायद्याचा अभ्यास करायला सांगितला तो वेगळाच. जॉर्जियाने २०२४ मध्ये ८२ लाख नावांची यादी तपासली, परदेशी २० निघाले.

टेक्सासचं २०१९ चं प्रकरण डॅलसच्या काकांना जरूर सांगा. राज्याने जाहीर केलं की यादीतले ९५ हजार लोक परदेशी असू शकतात. ट्रम्प यांनी लगेच ट्वीट केलं. यादी काढली होती ती लायसन्सच्या नोंदींवरून: लायसन्स काढताना कुणी ग्रीन कार्ड दाखवलं होतं ते बघून. लायसन्स सहा वर्षं चालायचं. दरम्यान माणूस शपथ घेऊन नागरिक झाला, मतदार झाला, पण लायसन्स खात्याला कळवायची सक्ती नसल्याने तिथे तो परदेशीच राहिला. काही दिवसांतच पंचवीस हजारांच्या आसपास नावं काढून घ्यायला लागली, खटला झाला, तडजोड झाली, आणि ती यादी काढणाऱ्या मंत्र्यांना पद सोडावं लागलं. ग्रीन कार्डवर लायसन्स काढून मग नागरिक झालेला कुठलाही मराठी माणूस त्या यादीत असू शकत होता.

उलट बाजूचा धोकाही खरा आहे, आणि त्यात माणसं भाबडेपणाने अडकतात. लायसन्सच्या खिडकीवर कारकून घाईत विचारतो, मतदार नोंदणी करायची का? ग्रीन कार्डवाला ‘हो’ म्हणतो, कारण सरकारी माणूस विचारतोय म्हणजे चालत असेल. काही राज्यांत तर नोंदणी आपोआप होते आणि नको असेल तर तुम्हाला नको सांगावं लागतं. नंतर नागरिकत्वाच्या एन-४०० फॉर्मवर प्रश्न येतो: कधी मतदार म्हणून नोंदणी केली आहे का, कधी मत दिलं आहे का? नागरिक नसताना केंद्रीय निवडणुकीत मत देणं हा गुन्हा आहे, आणि दंड-तुरुंगापेक्षा देशाबाहेर काढलं जाण्याची भीती मोठी. म्हणून ग्रीन कार्ड किंवा एच-१बी असेल तर त्या खिडकीवर स्पष्ट ‘नाही’ म्हणा आणि सही करण्याआधी कागद वाचा. घरी मतदार कार्ड आलंच तर ते फेकू नका आणि वापरूही नका. काउंटीला लेखी कळवून नाव काढून घ्या, त्याची पोच जपा, आणि एन-४०० भरण्याआधी इमिग्रेशन वकिलाला दाखवा. फॉर्मवर खोटं लिहिण्याचा मोह तर अजिबात नको.

शेवटचं, सध्या जे चाललंय त्याबद्दल. एप्रिल २०२५ मध्ये प्रतिनिधीगृहाने २२० विरुद्ध २०८ मतांनी ‘सेव्ह ॲक्ट’ मंजूर केला. यात केंद्रावरच्या कार्डाचा प्रश्न नाही. देशभर नोंदणीच्याच वेळी नागरिकत्वाचा कागद मागायचा, म्हणजे कॅन्ससचा प्रयोग मोठ्या पाटीवर. सिनेटमध्ये विरोधक अडून बसले तर शंभरांपैकी साठ मतं लागतात, ते गणित जुळवणं अवघड आहे, पण काही राज्यं आपापले असे कायदे करतायत. मी अशा कायद्याची यादी वाचतो तेव्हा दोन गोष्टींवर बोट ठेवतो. एक, रिअल आयडी, म्हणजे केंद्राच्या निकषांनुसार काढलेलं, ताऱ्याची खूण असलेलं लायसन्स. लायसन्सवर तारा आहे म्हणजे झालं, असं बहुतेकांना वाटतं. तो तारा ग्रीन कार्डवाल्यालाही मिळतो, एच-१बीवाल्यालाही. बहुतेक राज्यांत त्याने नागरिकत्व सिद्ध होत नाही. दोन, नावं. २०१८ मध्ये जॉर्जियात नोंदणीतलं नाव सरकारी नोंदीशी अक्षर न् अक्षर जुळत नाही म्हणून ५३ हजार अर्ज लटकले होते, त्यात ७० टक्क्यांच्या आसपास कृष्णवर्णीय. एखादा हायफन पुरायचा. आपल्या बायकांचं काय होईल बघा. जन्मदाखल्यावर एक नाव, लग्नात आडनाव बदललेलं आणि पुष्कळ घरांत पाळण्यातलं नावही बदललेलं, भारतीय पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं ते काढलं त्या वर्षावर अवलंबून, आणि इथल्या लायसन्सवर जागा पुरली नाही म्हणून शेवटची दोन अक्षरं कापलेली. आडनाव बदललेल्या अमेरिकन बायकांनाही हा त्रास होणारच आहे, आणि त्यात रिपब्लिकनांना मत देणाऱ्या गावाकडच्या, पासपोर्ट न काढलेल्या बायका खूप आहेत. कायदा करणाऱ्यांनी हा हिशेब केलाय की नाही, मला शंका आहे.

म्हणून शपथ घेतली की त्याच महिन्यात अमेरिकन पासपोर्ट काढा, परदेशी जायचं नसलं तरी. पहिल्यांदा १६५ डॉलर लागतात. नाव बदलायचं असेल तर एन-४०० च्या वेळीच मागणी करा, न्यायालयात शपथ झाली तर ते तिथेच होऊन जातं. मग सोशल सिक्युरिटी, त्यानंतर लायसन्स, आणि शेवटी मतदार नोंदणी, अशा क्रमाने सगळीकडे एकाच स्पेलिंगमध्ये नाव लावून घ्या. टपालाने मत देत असाल तर नोंदणीला केली होती तीच सही पाकिटावर करा. नोंदणीला मराठीत सही करून पाकिटावर इंग्रजीत केली की आमच्याकडे पाकीट बाजूला पडतं आणि घरी दुरुस्तीचं पत्र येतं. ते पत्र जाहिरात समजून फेकू नका, त्याला मुदत असते. आणि भरलेली मतपत्रिका, पक्ष कुठलाही असो, दारावर आलेल्या कार्यकर्त्याच्या हातात देऊ नका.